हजेरी, तोतया आणि आपली ओळख

गेल्या उन्हाळ्यात एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना मी दहा रुपयांचे फुटाणे घेतले. पुडीचा कागद उलगडून वाचण्याची खोड मला लहानपणापासून आहे. त्याप्रमाणे फुटाणे संपल्यावर कागद सरळ केला आणि वाचू लागलो. तो एका शिकवणी वर्गाच्या प्रवेश अर्जाची झेरॉक्स प्रत होता. वरच्या कोपऱ्यात एका मुलीचे छायाचित्र, त्याखाली तिचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक. आणि खालच्या अर्ध्या भागात आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, सहीसकट. मीठ लागलेल्या त्या चतकोर कागदावर एक अख्खा माणूस उतरलेला होता.

हा कागद माझ्याऐवजी एखाद्या लबाड माणसाच्या हाती पडला असता, तर त्याला त्या मुलीचे सोंग घेऊन काय काय करता आले असते? ह्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावयाचे, तर आधी ‘ओळख’ म्हणजे काय, ह्याचा थोडा विचार करावा लागेल.

त्यासाठी आपण वर्गातच जाऊ. आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभरावर विद्यार्थी असतात. मी हजेरी घेतो तेव्हा ‘सत्तेचाळीस’ असे म्हणतो आणि मागच्या बाकावरून ‘हजर सर’ असा आवाज येतो. आता सत्तेचाळीस क्रमांकाचा विद्यार्थी खरोखर वर्गात आहे, की तो उपाहारगृहात वडापाव खात बसला असून त्याचा मित्र त्याच्या नावाने ओरडला आहे, हे मला त्या आवाजावरून मुळीच कळत नाही. विद्यार्थी ह्यास ‘प्रॉक्सी’ म्हणतात. (मीही विद्यार्थी होतो, तेव्हा अधिक बोलत नाही.) येथे चूक कोठे झाली? सत्तेचाळीस हा आकडा त्या विद्यार्थ्याचे एक नावच आहे. वर्गातील प्रत्येकाला तो ठाऊक आहे, आणि ठाऊक असलाच पाहिजे, एरवी त्याचा उपयोग काय? परंतु तो उच्चारणारा मनुष्य तोच आहे, ह्याचा पुरावा मात्र त्या आकड्यात नाही. परीक्षेच्या वेळी आम्ही नुसत्या क्रमांकावर विश्वासत नाही. प्रवेशपत्रावरील छायाचित्र आणि समोरचा चेहरा ताडून पाहतो.

म्हणजे ओळखीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे नाव : मी कोण म्हणून सांगतो ते. दुसरी म्हणजे किल्ली : मी खरोखर तोच आहे, हे जिच्यामुळे सिद्ध होते ती. नाव पुष्कळांना ठाऊक असले तरी बिघडत नाही. किल्ली मात्र एकट्याचीच हवी. ओळखीच्या चोरीचे जवळजवळ सगळे प्रकार, कोणीतरी नावालाच किल्ली समजल्यामुळे घडतात.

हा घोटाळा संगणकाच्या युगातला आहे असे समजू नका. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका राहिली. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात मोठे बंड केले, आणि अखेर पकडला जाऊन त्याला देहदंड झाला. अशा माणसाच्या मागे हजारो लोक का गेले असतील? भाऊसाहेबांचे नाव, कूळ, पराक्रम, नातीगोती ही सर्वांनाच ठाऊक होती. तोतयाला ती पाठ करणे काय अवघड? त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली आणि जवळून ओळखणारी माणसे मात्र थोडी होती. ऐकीव माहिती पुरावा म्हणून चालली की तोतयाचे फावते.

आता अमेरिकेतील एक गोष्ट पाहू. तेथे १९३६ पासून कामगारांना सामाजिक सुरक्षा योजनेचा नऊ आकडी क्रमांक देण्यात येऊ लागला. १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट गावच्या एका कारखान्याने पैशाची पाकिटे बाजारात आणली. ते नवे कार्ड पाकिटात कसे छान बसते हे दाखविण्यासाठी प्रत्येक पाकिटात एक नमुन्याचे कार्ड घातले. नमुना म्हणून क्रमांक छापला तो कारखान्यातील एका अधिकाऱ्याच्या सचिव बाईंचा, अगदी खरा! कार्ड आकाराने निम्मे होते, लाल शाईत छापलेले होते, त्यावर ‘नमुना’ असा शब्दही होता. तरीही पाकीट विकत घेणाऱ्या अनेकांनी तो क्रमांक आपलाच समजून वापरावयास सुरुवात केली. १९४३ साली ५,७५५ माणसे त्या एका क्रमांकावर नोकरी करीत होती. सर्व वर्षे मिळून तो वापरणाऱ्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली, आणि १९७७ सालीसुद्धा बारा जण तो वापरतच होते. सरकारने तो क्रमांक रद्द करून बाईंना नवा दिला. ह्यात लबाडी थोडी आणि भाबडेपणा फार होता. पण क्रमांक सांगणारा माणूस त्या क्रमांकाचा धनी आहे की नाही, हे पाहण्याची सोयच नव्हती, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली.

आपल्याकडे पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी देण्यात आला. हा क्रमांक बारा आकड्यांचा आहे. त्यातील शेवटचा आकडा मोठा गमतीचा असतो. तो मनाला येईल तसा दिलेला नसून, आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. ह्यास पडताळा-अंक म्हणू. आधारसाठी वापरलेली रीत व्हेरहूफ ह्या डच गणितज्ञाने १९६९ साली प्रसिद्ध केली. ती थोडी अवघड आहे. बँकेच्या कार्डांवरील सोळा आकड्यांसाठी त्याहून सोपी रीत आहे. ती आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून ह्यांची असून तिच्या पेटंटसाठी त्यांनी १९५४ साली अर्ज केला होता.

ही रीत करून पाहा. समजा, क्रमांक ३५२१८७ आहे. उजवीकडील शेवटचा ७ हा पडताळा-अंक. तेथून डावीकडे चला आणि एक सोडून एक आकडा दुप्पट करा. दुप्पट दोन आकडी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्या. ७ तसाच, ८ ची दुप्पट १६, म्हणजे ७, १ तसाच, २ चे ४, ५ तसाच, ३ चे ६. बेरीज ३० आली. तिला दहाने नि:शेष भाग जातो, म्हणून क्रमांक बरोबर. आता लिहिताना ५ आणि २ ह्यांची अदलाबदल होऊन ३२५१८७ असे झाले, तर बेरीज २४ येते आणि यंत्र लगेच म्हणते, ‘चुकले!’ एकच आकडा चुकला तर ती चूक ह्या रीतीने हमखास सापडते. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदलही सापडते. फक्त ० आणि ९ ही जोडी निसटते. व्हेरहूफच्या रीतीतून तीही निसटत नाही. घरी वडिलांच्या कार्डावर हा प्रयोग जरूर करा, मात्र आकडेमोडीचा कागद टेबलावर टाकून खेळायला जाऊ नका.

पण ह्या गणिताने साधले काय? लिहिणाऱ्याची चूक सापडली. लिहिणारा कोण, हे सापडले नाही. वाटेल ते आकडे लिहिले तरी सरासरी दहांपैकी एक क्रमांक ह्या परीक्षेत उतरेलच. तेव्हा फोनवरून कोणी ‘मी बँकेतून बोलतो आहे. तुमच्या कार्डाचे आकडे अमुक अमुक, तुमची जन्मतारीख अमुक, बरोबर ना?’ असे म्हणाला, तर तो भाऊसाहेबांच्या तोतयाप्रमाणे आपली नावे आपल्याला म्हणून दाखवीत आहे, एवढेच समजावे. फोन खाली ठेवावा, आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला क्रमांक स्वत: फिरवून विचारावे. खरा बँकवाला ह्यात अपमान मानीत नाही.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘सर, क्रमांक हे नुसते नावच असेल, तर तो लपवायचा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. शास्त्रशुद्ध उत्तर असे की, तो लपवावा लागू नये. पण व्यवहारात पुष्कळ दुकानदार, दलाल आणि कार्यालये कार्डाची झेरॉक्स हाच पुरावा मानतात. अशा प्रतीवर परक्याच्या नावाने सिमकार्ड घेतल्याचे आणि कर्ज उचलल्याचे प्रकार घडले आहेत. ज्याचे नाव वापरले, त्याला वसुलीची नोटीस येते तेव्हा पत्ता लागतो. म्हणून दुसऱ्याच्या ढिलाईचा भुर्दंड आपल्याला पडू नये, एवढ्यासाठी प्रत जपून द्यावयाची.

शिवाय माहितीचे तुकडे एकत्र आले की त्यांचे बळ वाढते. समजा, तुमच्या गावाची वस्ती पन्नास हजार आहे. लोकांचे वय ढोबळपणे शून्य ते ऐंशी धरले तर जन्मतारखा होतात सुमारे २९,२००. त्या प्रत्येकीचे स्त्री व पुरुष असे दोन खण केले, तर ५८,४०० खण झाले. माणसे पन्नास हजार आणि खण त्यांच्याहून जास्त! म्हणजे गावाचे नाव, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन साध्या गोष्टींवरून बहुतेक माणसे आपल्या खणात एकटीच, किंवा फार तर एकादोघांच्या सोबतीने सापडतात. नाव सांगण्याची गरजच उरत नाही. वाढदिवसाच्या दिवशी केकचे छायाचित्र, शाळेच्या गणवेशातील छायाचित्र आणि घराची पाटी, ही सगळी समाजमाध्यमावर टाकताना हा हिशेब आठवावा.

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. आमच्याच महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एकदा शिष्यवृत्तीची यादी लागली होती. तीत नावापुढे जन्मतारीख, आधार आणि बँक खाते असे तिन्ही रकाने होते, आणि मुले मोबाइलने तिचे फोटो काढून गटागटांत पाठवीत होती. मी लिपिकाला म्हटले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, मुलांना आपला क्रमांक बरोबर आहे की नाही हे कळायला नको का?’ त्याचा हेतू चांगलाच होता. शेवटचे चार आकडे छापले असते तरी काम भागले असते.

आता किल्ल्यांकडे वळू. ए.टी.एम.चा चार आकडी पिन म्हणजे दहा हजार किल्ल्यांपैकी एक. चोराला तीनच प्रयत्न मिळतात, म्हणून त्याला यश येण्याचा संभव दहा हजारांत तीन. परंतु तुम्ही जन्मदिवस व महिना मिळून पिन केलात, की किल्ल्या उरल्या ३६६, आणि संभव झाला १२२ मध्ये एक. त्यातही त्याच पाकिटात जन्मतारीख लिहिलेले दुसरे कार्ड असेल, तर तीन प्रयत्नसुद्धा लागायचे नाहीत. मी वर्गात एकदा विचारले, ‘वाढदिवस हाच पिन असलेले किती?’ बरेच हात वर झाले, आणि मग आपण काय करून बसलो हे ध्यानात येऊन तितक्याच घाईने खाली आले.

परवलीच्या शब्दाची, म्हणजे पासवर्डची, गोष्ट थोडी निराळी आहे. चांगली व्यवस्था तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवीत नाही. ती त्याचे गणिताने असे मिश्रण करून ठेवते की, चहात मिसळलेले दूध जसे परत काढता येत नाही, तसा मिश्रणावरून मूळ शब्द काढता येत नाही. पण हे मिश्रण चोरीस गेले तर चोर आपल्या घरी बसून एकेक शब्द कालवून पाहू शकतो. तेथे तीन प्रयत्नांची मर्यादा नसते. तो सेकंदाला शंभर कोटी शब्द तपासतो असे धरू. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचे २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,९०० कोटी शब्द होतात. ते साडेतीन मिनिटांत संपले! बारा अक्षरांना तीन वर्षे लागतात, आणि सोळा अक्षरांना सुमारे चौदा लाख वर्षे. लांबी दुप्पट झाली, पण शब्दांच्या संख्येचा वर्ग झाला, हे लक्षात घ्या. मधे एखादे उद्गारचिन्ह खुपसण्यापेक्षा लांबी वाढविणे केव्हाही फायद्याचे.

अर्थात ही अक्षरे आंधळेपणाने निवडलेली हवीत, आणि सोळा वेडीवाकडी अक्षरे लक्षात कोण ठेवणार? त्यावर एक युक्ती आहे. दोन हजार सोप्या मराठी शब्दांची यादी घ्या, चिठ्ठ्या टाकून सहा शब्द उचला आणि ते इंग्रजी लिपीत एकापुढे एक लिहा. घागर, इंजिन, मामा, हिवाळा असे काहीतरी विचित्र तयार होईल, आणि विचित्र म्हणूनच लक्षात राहील. यादी चोराच्या हाती आहे असे धरले तरी पाच शब्दांना त्याला वर्ष लागेल, आणि सहा शब्दांना सुमारे दोन हजार वर्षे. (वरचे चार मात्र आता छापून गेले, ते घेऊ नका.) सर्वांत मजबूत किल्ली आपल्या ई-मेलला लावा. बाकीच्या बहुतेक ठिकाणचा विसरलेला पासवर्ड नव्याने मागितला की तो ई-मेलवरच येतो. घरातल्या साऱ्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगलेल्या, ती खुंटी तीच.

ओटीपी ही एका वेळेपुरती आणि काही मिनिटांपुरती किल्ली. ‘हा मोबाइल आता ज्याच्या हातात आहे, तो हे काम करीत आहे’, एवढे ती सिद्ध करते. ती फोनवर दुसऱ्याला वाचून दाखविणे म्हणजे आपला मोबाइल त्याच्या हातात दिल्यासारखेच आहे. ह्याच कारणाने चोर कधी कधी ओटीपी विचारण्याच्याही भानगडीत पडत नाही. तो तुमच्या क्रमांकाचे दुसरे सिमकार्डच तुमच्या नावाने मिळवितो. एरवी नीट चालणाऱ्या मोबाइलचे सिग्नल घरात बसल्या बसल्या एकाएकी गेले आणि शेजारच्याचे चालूच असले, तर दुसऱ्याच्या फोनवरून ताबडतोब कंपनीकडे चौकशी करावी. आणि यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही, हे घरातील आजी-आजोबांना तुम्हीच समजावून सांगा. ते तुमचे ऐकतील, माझे नाही.

बोटाचा ठसा ही किल्ली सर्वांत उत्तम, असा समज आहे. पण ह्या किल्लीची खूण आपण हात लावू त्या प्रत्येक गुळगुळीत वस्तूवर मागे ठेवतो. २००८ साली जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब ह्या संगणकतज्ज्ञांच्या मंडळाने तेव्हाचे गृहमंत्री शॉयब्ले ह्यांच्या बोटाचा ठसा पाण्याच्या पेल्यावरून मिळवून आपल्या नियतकालिकात चक्क प्रसिद्ध केला. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. बोट कसे बदलणार? म्हणूनच आधार प्राधिकरणाने ठसे कुलूपबंद करण्याची सोय दिली आहे. संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून कुलूप लावावे, आणि ठसा देण्याची वेळ येईल तेव्हाच काढावे.

प्रत देताना जुन्या कारकुनांची एक पद्धत उपयोगी पडेल. शिवकालात व पेशवाईत पत्राचा मजकूर संपला की तेथेच मोर्तबाचा शिक्का उठवीत. मजकुराची सीमा ठरली, की खाली दुसऱ्याने काही घुसडायला जागा राहत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यातलाच. आपणही झेरॉक्सवर, छायाचित्र आणि मजकूर ह्यांवरून जाईल अशी तिरपी ओळ लिहावी : ‘फक्त अमुक कामासाठी, अमुक कार्यालयात, दिनांक अमुक’, आणि खाली सही. ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणे अवघड होते. चालत असेल तेथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे. ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. झेरॉक्सच्या दुकानात मोबाइलवरून कागद पाठविला असेल, तर काम झाल्यावर तो दुकानदाराच्या यंत्रातून समोर उभे राहून पुसून घ्यावा, आणि बिघडलेली प्रत मागून घ्यावी. बिघडलेल्या प्रतीही वाचता येतातच.

आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हे २०२३ साली सुरू झालेल्या दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसला तर तेथेच तक्रार नोंदवावी. नावावर कर्ज आहे का, हे पाहण्यासाठी मोठ्यांना पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. प्रत्यक्ष पैसे गेलेच, तर १९३० ह्या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतानाच अडविता येतात, म्हणून येथे मिनिटांना मोल आहे. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

त्या फुटाण्याच्या पुडीचे काय झाले ते सांगायचे राहिले. मी कागदावरच्या क्रमांकावर फोन केला. मुलीनेच तो घेतला. ‘तुमच्या अर्जाची प्रत मला सापडली आहे,’ असे मी म्हणालो आणि तिचा विश्वास बसावा म्हणून तिचे पूर्ण नाव व आधारचे शेवटचे चार आकडे वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘ते कागदावर लिहिलेलेच असेल ना! तुम्ही कोण ते मला कसं कळणार?’ आणि तिने फोन ठेवून दिला. मी पुन्हा केला नाही. दुसऱ्या दिवशी त्या शिकवणी वर्गात जाऊन कागद चालकांच्या हाती दिला. त्यांनी रद्दीचा उरलेला गठ्ठा माझ्यासमोर उघडला. वरून तिसरा अर्ज माझ्या शेजाऱ्यांच्या मुलाचा होता.